बालगृहाला मदत करताना: पहिल्या चौकशीपासून मुलाच्या पहिल्या भाड्याच्या खोलीपर्यंत

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळीचा आठवडा आणि तालुक्यातल्या कुठल्या तरी पुढाऱ्याचा वाढदिवस. या दिवसांत मराठवाड्यातल्या कोणत्याही बालगृहाच्या अधीक्षकांना फोन करून बघा, उचलायला उसंत नसते. एकाच दिवशी तीन केक येतात, दोनशे वह्या येतात, शाली येतात आणि फोटो काढणारेही येतात. मग जून उजाडतो, खरोखर वह्या लागतात, तेव्हा दिवाळीतल्या वह्या संपलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यात बोअर आटतं, तेव्हा टँकरसाठी कुणाचा फोन येत नाही. बालगृहांना मिळणारी मदत वाया जाते ती बहुतेक वेळा मन छोटं असल्यामुळे नव्हे, तर वेळ आणि वस्तू चुकल्यामुळे.

दुसरी गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पाटीवर ‘अनाथाश्रम’ लिहिलेलं असलं तरी आतल्या बहुतेक लेकरांना कुणी ना कुणी असतं. आई असते पण तिच्याकडे रोजगार नसतो, बाप व्यसनात बुडालेला असतो, आजी म्हातारी असते, किंवा आईबाप सहा महिने कारखान्याच्या फडावर असतात. म्हणून मदतीचा हिशोब नुसता ‘आत किती ताटं वाढली’ असा करून चालत नाही. किती मुलं घरी परत गेली, किती मुलं मुळात घर सोडून आत आलीच नाहीत, आणि अठरा पूर्ण झाल्यावर किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले, हेही मोजावं लागतं. खालच्या पायऱ्या त्या अंगाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: हे घर नेमकं कोणतं, ते ओळखा

लोक सगळ्यालाच ‘आश्रम’ म्हणतात. कागदावर मात्र चार वेगळ्या गोष्टी आहेत. बालगृह महिला व बाल विकास विभागाखाली येतं आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे चालतं. मागासवर्गीयांचं वसतिगृह समाजकल्याणाचं. आश्रमशाळा भटक्या-विमुक्तांसाठी किंवा आदिवासींसाठी. हंगामी वसतिगृह म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच, शाळेच्या आधाराने काही महिने चालणारी सोय. प्रत्येकाची गरज, नियम आणि विचारायचा अधिकारी वेगळा.

बालगृह असेल तर मदत देण्याआधी एवढे कागद बघायला मागा:

- बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालचं नोंदणी प्रमाणपत्र. ते पाच वर्षांसाठी असतं. तारीख उलटून गेली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज कधी केला, ते विचारा. नोंदणीशिवाय घर चालवणं हा गुन्हा आहे; कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.
- धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडची ट्रस्टची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल.
- मंजूर संख्या आणि आज हजर असलेली संख्या. पन्नासची मंजुरी आणि ऐंशी मुलं, असं असेल तर का, हे विचारा.
- प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये बाल कल्याण समितीचा, म्हणजे मूल कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीचा, आदेश आहे का. फाइल तुम्हाला उघडून दाखवू नये, ते बरोबरच आहे. ‘सगळ्यांचे आदेश आहेत का’ एवढ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ यायला हवं.

या चौकशीने चांगली संस्था दुखावत नाही, उलट अधीक्षक फाइल काढून ठेवतात. ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का’ असं ऐकू आलं, तर आठ दिवस थांबून जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. तो जिल्ह्याच्या ठिकाणी, महिला व बाल विकास कार्यालयाच्या छत्राखाली असतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव या आठही जिल्ह्यांत तो आहे.

दुसरी पायरी: पहिली भेट रिकाम्या हाताने

पहिल्या भेटीत काही घेऊन जाऊ नका. घेऊन गेलात की मुलांना ओळीने बसवतात, टाळ्या होतात आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. वेळ घेऊन, शक्यतो संध्याकाळी पाच ते सात या वेळेत जा. मुलं शाळेतून आलेली असतात, स्वयंपाक सुरू असतो, घराचा खरा चेहरा तेव्हा दिसतो.

संडास-न्हाणी बघा. पन्नास मुलांच्या घरासाठी आदर्श नियमांत ५ न्हाणीघरं आणि ८ संडास धरले आहेत, म्हणजे साधारण दहा मुलांमागे एक न्हाणी आणि सहा-सात मुलांमागे एक संडास. नळाला पाणी आहे का, आतून कडी लागते का, मुलींच्या बाजूला रात्री दिवा असतो का, हे बघा. मुलांची स्वतःची पेटी किंवा कप्पा आहे का? सूचनापेटी आहे का, ती उघडतं कोण? नातेवाइकांना भेटायचा दिवस ठरलेला आहे का? सगळ्यांत बोलका प्रश्न हा शेवटचा आहे. जिथे आईला भेटू देताना खळखळ होते, तिथे सावध व्हा.

परत येताना अधीक्षकांकडून बारा महिन्यांची गरजयादी मागून घ्या. कोणत्या महिन्यात काय कमी पडतं, फक्त एवढंच. पुढचं सगळं त्या यादीवर उभं राहतं.

तिसरी पायरी: पोटाचा हिशोब

‘थोडं धान्य देऊ’ म्हणण्यात आकडा नसतो, म्हणून ते कधी कमी पडतं तर कधी सडतं. बाल न्याय नियमांमधल्या आहार-प्रमाणाचा आधार घ्या. एका मुलाला दिवसाला धान्य ६०० ग्रॅम (१६ ते १८ वयाला ७००), डाळ किंवा कडधान्य १२० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, पालेभाजी १०० ग्रॅम, इतर भाजी १३० ग्रॅम आणि सकाळचं दूध १५० मिलिलिटर. पन्नास मुलांसाठी ते असं होतं:

- धान्य: रोज ३० किलो, महिन्याला ९ क्विंटल
- डाळ: रोज ६ किलो, महिन्याला १८० किलो
- तेल: रोज सव्वा किलो, महिन्याला साडेसदतीस किलो
- भाजी: रोज साडेअकरा किलो
- दूध: रोज साडेसात लिटर

सहा-आठ वर्षांची लेकरं एवढं धान्य खात नाहीत, त्यामुळे लहान मुलं जास्त असतील तर धान्याचा आकडा खाली आणा. दूध आणि डाळीचा मात्र आणू नका. कात्री नेमकी तिथेच लागते आणि वरण पाण्यासारखं होतं.

आपल्याकडे ज्वारीचं गणित सोपं आहे. धान्यापैकी निम्मी ज्वारी धरली तर पन्नास मुलांना महिन्याला साडेचार क्विंटल लागते. गावातल्या पन्नास शेतकऱ्यांनी सुगीत पन्नास-पन्नास किलो दिली तर पंचवीस क्विंटल होतात, म्हणजे साडेपाच महिन्यांची भाकरी. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि तूर त्याच्या महिना-दीड महिना आधी. मागायची वेळ तीच. आषाढात मागायला गेलात तर शेतकऱ्याच्या घरातच कणगी खाली झालेली असते.

आता बिघडतं कुठे? पंचवीस क्विंटल एका दिवशी आणून व्हरांड्यात टाकली की जुलैपर्यंत सोंडे होतात. धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच पोत्यात भरा. गरम भरलं की आत घाम धरतो. पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर ठेवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे दात्याच्याच घरी धान्य ठेवायचं आणि दर महिन्याला ठरल्याप्रमाणे उचलायचं. वही ठेवली की झालं.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बालगृहात येऊच देऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. कोठीघर आणि मुलांची झोपायची खोली यांच्यात एकच भिंत असते, हे लक्षात घ्या. कडुलिंबाचा पाला आणि हवाबंद पिशव्या पुरेशा आहेत.

अंडी हा सर्वांत कमी कटकटीचा दानप्रकार आहे, आणि सर्वांत कमी लोक तो निवडतात. आठवड्यातून चार दिवस प्रत्येकी एक, म्हणजे पन्नास मुलांना आठवड्याला २०० अंडी, सात ट्रे. अंड्याचा भाव सहा-सात रुपये धरला तर महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास. जवळच्या दुकानदाराकडे खातं उघडा, माल त्याने थेट पोहोचवायचा आणि पैसे तुम्ही महिन्याला द्यायचे. न खाणाऱ्या मुलांसाठी गूळ-शेंगदाणे.

शिजवलेलं अन्न आणताना नियम कडक ठेवा. लग्नातलं उरलेलं अन्न नको, हे तोंडावर सांगायला अधीक्षकांना जड जातं, म्हणून मदत करणाऱ्या तुमच्या मंडळानेच ते जाहीर करून टाकावं. मे महिन्यात लातूर-नांदेडच्या उन्हात पनीर, बासुंदी, श्रीखंड दोन तासांत बिघडायला लागतं. जेवण द्यायचंच असेल तर बालगृहाच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच आचाऱ्यांकडून ताजं करवून घ्या. तुम्ही शिधा आणि जादा मजुरी द्या. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून चोवीस तास बाजूला ठेवायची पद्धत लावा. कुणाला त्रास झाला तर तपासणीला ती उपयोगी पडते. वाढदिवसाचा केक? महिन्यातून एकदा, त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्या मुलांचा मिळून. बाहेरच्या पाहुण्याच्या वाढदिवसाला मुलांनी टाळ्या वाजवायच्या, हा प्रकार बंद केला तर कुणाचंच नुकसान नाही.

चौथी पायरी: पाणी, खरूज आणि बाकीचं न दिसणारं

अंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक धरून माणशी ७० लिटर पकडा. पन्नास मुलांना रोज ३,५०० लिटर. बारा हजार लिटरचा टँकर जेमतेम साडेतीन दिवस जातो. पण घराची टाकी पाच हजारांची असेल तर टँकरवाला उरलेलं ओतणार कुठे? म्हणून उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढण्याआधी, फेब्रुवारीतच साठवण वाढवायला पैसे द्या. दहा हजार लिटरची एक टाकी पुढची अनेक वर्षं टँकरचे पैसे वसूल करून देते.

टँकरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एक हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे बारा हजाराला ६० ग्रॅम. ती थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि अर्ध्या तासाने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का ते बघणारी चाचणी, करायची. पाणी पिवळं झालं तर ठीक. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो. ‘पावडर टाकली तरी जुलाब लागले’ या तक्रारीच्या मुळाशी बरेचदा सहा महिने उघडं पडलेलं पोतं असतं.

खरूज ही वसतिगृहांची कायमची पाहुणी. एका मुलाला मलम दिल्याने ती जात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्या मुलांना आणि काळजीवाहकांना एकाच रात्री परमेथ्रिनचं मलम लावायचं, दुसऱ्या दिवशी कपडे-चादरी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात टाकायच्या आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचं. उवांचंही तंत्र तेच, सगळ्यांना एकाच दिवशी. यासाठी लागणारं मलम एकदम घ्यावं लागतं. संस्थेकडे नेमकी तेवढी रोकड नसते आणि पाच-पाच ट्यूब आणत वर्ष निघून जातं. ही मदत फोटोत दिसत नाही. लेकरांची झोप मात्र लागते.

मुलींसाठी पॅड दर महिन्याला माणशी दहा ते पंधरा धरा. वीस मुली असतील तर दोनशे ते तीनशे. वर्षाचा साठा एकदम नको, तीन महिन्यांचा पुरे, कारण ओल लागते. सोबत विल्हेवाटीची सोय विचारा, नाहीतर संडास तुंबतो आणि दोष मुलींवर येतो. चपला आणि आतले कपडे मापाची यादी घेऊनच आणा. जुने कपडे आणायचे तर धुतलेले, बटणं शाबूत असलेले. जुने आतले कपडे कधीही नाही.

बीड जिल्ह्यात पाली इथलं ‘इन्फंट इंडिया’ आणि औसा तालुक्यात हासेगावचं ‘सेवालय’ अशी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठीची घरंही मराठवाड्यात आहेत. तशा घरांना औषधांसाठी पैसे देण्याची घाई करू नका. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. कमी पडतो तो चौरस आहार, दवाखान्यापर्यंतचा प्रवासखर्च आणि शाळेत सोबत उभं राहणारं माणूस.

पाचवी पायरी: वेळ द्यायचा तर वर्षभराचा

शिकवायला येणारे उत्साहाने सुरुवात करतात आणि तिसऱ्या आठवड्यात गळतात. मोठ्या माणसाला यात विशेष वाटत नाही. पण ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्याच्यासाठी ते पुन्हा एकदा सोडून जाणं असतं. शैक्षणिक वर्षभर, आठवड्यातून एक ठरलेला वार, दीड तास, सहा ते आठ मुलांचा गट, एवढं जमत असेल तरच नाव द्या. नसेल तर त्या पैशात गावातल्याच एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीला शिकवणीसाठी मानधन द्या. ती रोज येईल.

येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस चारित्र्य पडताळणी हवी. बंद खोलीत एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीच नको, मग तो कितीही ओळखीचा असो. मुलांना घरी नेणं, फिरायला नेणं, मोबाइल नंबर देणं नाही. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर तो ‘आपसात मिटवायचा’ विषय राहत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ किंवा पोलिसांच्या ११२ या नंबरवर फोन करा.

आणि फोटो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपचा गट, फेसबुक, स्थानिक पेपर, सगळीकडे हे लागू पडतं. ‘चेहरा धूसर केला’ म्हणून शाळेच्या गणवेशावरचं नाव लपत नाही. धान्याच्या पोत्यांचा फोटो काढा, टाकीचा काढा. दात्यांना तेवढा पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांची देणगी कुणासाठी असते, हे उघड आहे.

सहावी पायरी: पैसा, इथला आणि तिकडचा

वीस जणांनी महिन्याला पाचशे दिले तर दहा हजार होतात, वर्षाला एक लाख वीस हजार. एकदम दिलेल्या लाखापेक्षा महिन्याचे दहा हजार संस्थेला जास्त उपयोगी पडतात, कारण त्यावर एखाद्याचं मानधन ठरवता येतं. पैसे संस्थेच्या खात्यातच, पावती घेऊनच. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जी ची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकरातली, वजावट मिळत नाही, धान्य-कपड्यांसारख्या वस्तूंना तर मिळतच नाही. वजावट हवी असेल तर संस्थेने प्राप्तिकर पोर्टलवरून काढलेलं, १० बीई नावाने ओळखलं जाणारं प्रमाणपत्र मागून घ्या, साधी पावती पुरत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट नाही.

परदेशात स्थायिक झालेली गावची मुलं हल्ली हमखास विचारतात, ‘आम्ही पैसे कसे पाठवू?’ इथे पासपोर्ट बघायचा, पत्ता नाही. अमेरिकेत वीस वर्षं राहिलेला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परदेशी अंशदान धरलं जात नाही. तोच माणूस तिकडचा नागरिक झाला असेल, हातात ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत ठरतो. मग संस्थेकडे परदेशी अंशदान (नियमन) कायदा, २०१० खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. मोठ्या संस्थेने घेतलेला असा पैसा छोट्या संस्थेला पुढे देणं २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. ‘काकांच्या खात्यावर टाकतो, ते देतील’ हा मार्ग कायद्याला बगल देणारा. त्यात अडकते संस्था, आणि संस्थेसोबत मुलं.

उलट दिशेचाही प्रश्न येतो. मुक्तिनाथ-पशुपतिनाथाच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या बस काठमांडूत एखाद्या अनाथाश्रमात थांबतात, आणि तिथल्या लेकरांना पाहून कुणालाही गलबलून येतं. तरी तिथे पाकीट काढण्याआधी थांबा. नेपाळमधली अशी घरं मोठ्या प्रमाणात काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर आहेत. यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं खाली आणली आणि आईबाप जिवंत असताना कागदोपत्री त्यांना अनाथ केलं. पाहुण्यांचा पैसा जितका वाढला, तितकी मुलांची मागणी वाढली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवी पर्यटनाविरुद्ध पावलं उचलायला सांगितलं. रुमानियात २००० पासून झालेल्या बुखारेस्टच्या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिलं की संस्थेत राहिलेल्या लहानग्यांपेक्षा कुटुंबात ठेवलेल्यांची वाढ सरस होते. परदेशातल्या मुलांसाठी द्यायचंच असेल तर मुलांना घरी परतवण्याचं काम करणाऱ्या, तिथे नोंदलेल्या संस्थेला बँकेमार्फत द्या. इथून रक्कम कशी आणि किती पाठवता येते, ते आधी बँकेत विचारून घ्या. अशा रकमेला इथे ८०जी ची वजावट नाही.

सातवी पायरी: मूल आत येण्याआधीच

मराठवाड्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मदत ही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, थांबता येत नाही. लेकरू आजीकडे राहिलं तर शाळेत राहतं. आजीला झेपलं नाही तर फडावर जातं किंवा कुणीतरी त्याला ‘आश्रमात’ टाकतं. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर मूल गावातच थांबतं. पण मंजुरी आणि निधी यायला उशीर होतो आणि टोळी काही त्याची वाट बघत नाही. म्हणून गावकऱ्यांनी पहिल्या तीन-चार आठवड्यांचा शिधा हाताशी ठेवावा. तीस मुलांना वरच्या हिशोबाने दिवसाला १८ किलो धान्य आणि साडेतीन-पावणेचार किलो डाळ. महिनाभरासाठी साडेपाच क्विंटल धान्य पुरतं. सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांसोबत बसून कोणत्या घरातले कोण जाणार, याची यादी करा. मोठ्या मुलामुलींसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. प्रवेश कधी उघडतात ते समाजकल्याण कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

एकट्या आईसाठी दोन योजना बघा. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व महिन्याला ४,००० रुपयांचं आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत लागतं. कोणती लागू पडते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठरतं. आदेश बाल कल्याण समितीचा किंवा योजनेसाठी नेमलेल्या समितीचा असतो.

अर्ज अडतो तो कागदांवर, आणि तुमचं मंडळ खरं उपयोगी पडतं ते इथेच. वारलेल्या पालकाचा मृत्यू दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, आई आणि मूल दोघांचं आधार आणि बँक पासबुक जमवा. शाळेत ‘गणेश’ आणि आधारवर ‘गणेशराव’ असेल तर अर्ज परत येतो. आधी नाव जुळवून घ्या. पाच आणि पंधरा वर्षांच्या वयाला बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात, ते राहिलं तर पैसे मंजूर होऊनही खात्यात पडत नाहीत. बंद पडलेल्या खात्याचं केवायसी करून घ्या. विधवा आईची तालुक्याला एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तिच्यासोबत जाणारा माणूस आणि एसटीचं भाडं, एवढीही मदत मोठी आहे. पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण मंजूर झालेली प्रकरणं तिथेच गळतात.

रस्त्यावर, स्थानकावर एकटं मूल सापडलं तर घरी नेऊ नका आणि ओळखीच्या निपुत्रिक जोडप्याकडे तर मुळीच देऊ नका. ते दत्तक होत नाही, गुन्हा होतो. १०९८ ला कळवा. चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

आठवी पायरी: अठरा पूर्ण झाल्यावर

दात्यांना लहान मुलं आवडतात. मिशी फुटलेल्या पोराला कुणी दत्तक-पालक होत नाही, आणि खरी दरी तिथेच असते. काल पन्नास जणांत झोपणारा मुलगा आज एकटा, पत्त्याशिवाय. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे अनुरक्षण, म्हणजे अठरानंतरची मदत, २१ वर्षांपर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्यमध्ये तिलाही महिन्याला ४,००० रुपये आहेत. अर्ज सतराव्या वर्षीच तयार ठेवा.

दोन्ही पालक नसलेल्या मुलासाठी अनाथ प्रमाणपत्र हा सर्वांत मोलाचा कागद. २०१८ पासून महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षण आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. त्यासाठी संस्थेतल्या नोंदी, समितीचे आदेश, शाळेचे दाखले लागतात. बाहेर पडून पाच वर्षांनी हे गोळा करायला गेलं की अधीक्षक बदललेले असतात, फाइल सापडत नाही. म्हणून मूल आत असतानाच एक प्लास्टिकचं फोल्डर करा: जन्मदाखला, आधार, टीसी, गुणपत्रिका, समितीच्या आदेशाची प्रत, अनाथ किंवा जातीचा दाखला, पॅन, पासबुक, लसीकरण आणि आजारपणाच्या नोंदी. प्रत्येकाच्या दोन छायाप्रती आणि मोबाइलवर डिजिलॉकर.

पैशाचं म्हणाल तर आठ वर्षांच्या मुलामागे महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकले तर अठराव्या वर्षी व्याज सोडून ६०,००० होतात. आयटीआयची फी, सायकल, पहिल्या तीन महिन्यांची मेस, खोलीचं डिपॉझिट त्यातून भागतं. खोली ही शेवटची अडचण. लातूरला किंवा संभाजीनगरला घरमालक विचारतो, ‘गावी कोण असतं? वडिलांचा नंबर द्या.’ त्या रकान्यात लिहायला एक नाव लागतं. मंडळातल्या दोघांनी ती जबाबदारी आधीच ठरवून घ्यावी. भाडेकरारावर सही करायला एकाने जावं, आणि दिवाळीला पोरगा कुठे येणार, हे दुसऱ्याने त्याला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवावं.